पाल्याखालच्या मुडदुशा

लढाईच्या त्या वर्षांत उत्तनहून भाईंदरला पायी मासळी आणणाऱ्या कोळणीचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना ती माणसाकडे नव्हे, पाटीतल्या माशांकडे बघायची.

विषमज्वरातून उठलो तेव्हा दारापर्यंत जातानाही माझे पाय लटपटत. मिठागरातली कारकुनी जाते की काय, ही धास्ती वेगळीच. आजाऱ्याला सोसणाऱ्या मुडदुशा ती माझ्यासाठी पाल्याखाली राखून आणायची, पण आईच्या हाती द्यायची नाही.

"त्यालाच येऊ दे. चालल्याबिगर खाल्लेला अंगी न्हाय लागत," ती माशांना सांगायची.

आधी ती पायरीशी बसली. मग विहिरीपाशी, मग चिंचेखाली. आई तिला रोज शिव्या घालायची आणि तिच्याच मुडदुशांचं कालवण मला वाढायची. मी पुन्हा भात मागायला लागलो.

एके सकाळी ती चिंचेखालीही नव्हती. चडफडत पुढे गेलो, तर मिठागराच्या बांधावर, थेट आमच्या कचेरीसमोर बसलेली! मला धाप लागलेली नाही, हे माझ्याआधी तिच्या लक्षात आलं.

"उद्यापासून आईला धाड," ती माशांना म्हणाली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कामाला जा."

हातात मुडदुशा तशाच घेऊन मी कचेरीची पायरी चढलो.