दारातली खुर्ची

न्यूमोनियातून उठलेल्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नगरच्या दवाखान्यातून शेवगावजवळच्या आमच्या गावी आणलं. निघताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "तिकडे फ्लूची साथ आहे. या फुप्फुसांना आता साधा तापही झेपायचा नाही." केडगावचं घर नवऱ्यावर टाकून मी पहारा द्यायला आले.

पण दवाखान्यातून आलेल्या माणसाला भेटायला गेलं नाही, तर आमच्याकडे वर्षानुवर्षं अबोला धरतात. पहिल्याच सकाळी बिस्किटांचे पुडे घेऊन माणसं दारात हजर. त्यातली निम्मी खोकणारी. मी दारात खुर्ची आडवी टाकून बसले. पुडा घ्यायचा, हात धुवायचे, माणूस परत पाठवायचा. चुलत्यांनी तर तिथंच सुनावलं, "लई शिकली गं तू!" शिकले तर शिकले. मी ढिम्म हलले नाही.

आईला मात्र ते सोसेना. दुपारी मी जरा लवंडले की ती मागच्या दाराने निघायची आणि परत पाठवलेल्यांच्या घरी जायची. "पोरीचं मनावर घिऊ नका." मग चहा आलाच, तापलेली पोरं मांडीवर आलीच. घरी येऊन ती दादांना पेज भरवायची. हे मला कळलं, ते तिलाच ताप भरल्यावर.

रागारागातच डॉक्टरांना फोन लावला. ताप दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस साथ पसरवत असतो, म्हणाले. आदल्या दिवशी तर तिने दादांना दोन्ही वेळा भरवलं होतं.

आईला पलीकडच्या खोलीत निजवलं आणि मी दादांच्या श्वासाकडे कान लावून बसले. तिला भेटायला कुणी आलं नाही. मी सगळ्यांना हाकललंच होतं ना.

अशात एका दुपारी अंगणात खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दादा माझी खुर्ची आईच्या खिडकीखाली नेऊन बसले होते. तोंडाला मास्क, हातात बिस्किटांचा पुडा. तो खिडकीत ठेवून ते पाहुण्यासारखे म्हणाले, "काय म्हनती तब्येत?"

"लांब व्हा आधी!" आई आतून खेकसली.

"कोनीतरी भेटाय यायला पायजे का न्हाई?"

आणि ते खोकले. मी धावत अंगणात गेले.

"खुर्ची वढून दमलो, दुसरं काय न्हाई," ते म्हणाले.

तसंच होतं, त्यांना काही झालं नाही. पण हे आज माहीत आहे. तेव्हा आईचा हात बाहेर आला, पुडा आत गेला, आणि तिने खिडकी घट्ट लावून घेतली.