दुसऱ्यांदा त्याच उतारावर

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, मी पुन्हा त्याच डोंगरावर जायचं ठरवलं. घरात कोणी भांडलं नाही. नवऱ्याने फक्त विचारलं, "काय सिद्ध करायचंय तुला?" सिद्ध काहीच करायचं नव्हतं. माझं शेवटचं स्कीइंग स्ट्रेचरवर संपलं होतं, आणि ते तसं संपू द्यायचं नव्हतं, एवढंच.

मी नागपूरची. मिनेसोटात एम.एस.ला आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि दोन हिवाळे त्याचा मनापासून राग केला. पुढे नोकरीने कोलोराडोत आणलं. चाळिशीत, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून मी स्की शिकले. मग ऑफिसमधल्या एका अमेरिकन मैत्रिणीने बॅककंट्रीची चटक लावली. तिथे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. स्कीच्या तळाला लवदार पट्टी चिकटवायची, तिला स्किन म्हणतात, आणि तिच्या जोरावर न घसरता पायांनी डोंगर चढायचा. वर गेल्यावर पट्टी सोलून काढायची आणि खाली यायचं. मैत्रीण याच डोंगरांत वाढलेली, त्यामुळे ती आमची म्होरकी. तिसरे काका. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. मूळचे पुण्याचे, भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्यभर काम करून निवृत्त झालेले, वय सदुसष्ट.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघंच होतो. डोंगराच्या माथ्याजवळच्या खिंडीपर्यंत चढून खाली निघाल्यावर पहिल्याच वळणाला माझ्या स्कीचं टोक जड, ओल्या बर्फात रुतलं आणि गुडघा फिरला. काकांनी पाय बांधला, मैत्रिणीने मदत बोलावली. चार तासांनी स्ट्रेचर आलं.

या वेळी आम्ही उजाडता उजाडता चालायला लागलो. निघताना मैत्रिणीने नियम सांगितला. "साडेदहाला जिथे असू तिथून परत. ऊन चढलं की बर्फ मऊ होऊन उतारावरून सुटायला लागतो. खिंड कुठे पळून जात नाही."

आम्ही दोघांनी हो म्हटलं.

सुरुवातीचे दोन तास छान गेले. रात्री गोठलेला बर्फ कडक होता, स्की करकर वाजत होते. मी मनात पावलं मोजत होते. शंभर झाली की थांबायचं, चार श्वास घ्यायचे, पुन्हा शंभर. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या बरोबरीने चालत होता. वर्षभर रोज सकाळी बेसमेंटमध्ये केलेला व्यायाम पायात जाणवत होता.

झाडं संपली तिथे काकांच्या डाव्या स्कीची पट्टी सुटली. ओल्या बर्फाने तिचा गोंद धरेना. मैत्रिणीने ती स्वतःच्या जॅकेटमध्ये घालून गरम केली, पुसली, वरून टेपचे चार वेढे दिले. दोनशे पावलांवर पुन्हा सुटली. पुन्हा टेप. पुन्हा सुटली. काका हूं की चूं न करता प्रत्येक वेळी वाकत होते, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता.

दहा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही एका काळ्या खडकाच्या आडोशाला पोचलो. खिंड समोर दिसत होती.

"वीस मिनिटं," मी म्हणाले. "फार तर पंचवीस. चला."

काकांनी पाठीवरची सॅक काढली, बर्फात ठेवली आणि तिच्यावर बसले.

"नाही," ते म्हणाले.

"काका, एवढं आलोय. बर्फ अजून कडक आहे, बघा ना."

"तू काठी टोचून बघ."

मी टोचली. काठी वीतभर आत गेली.

"मागच्या वेळी हिने परत फिरू या म्हटलं होतं," काका मराठीत म्हणाले. "अर्धाच तास उशीर झालाय, चला, असं म्हणालो ते मी. आठवतंय?"

"आपण तिघांनी ठरवलं होतं."

"तुम्ही दोघींनी मान डोलावली. बोललो मी. चाळीस वर्षं लोकांना झोपवून नीट जागं केलं मी, एकदाही घाई केली नाही. आणि तिथे घाई केली. त्यानंतर मी स्की पायात घातले नव्हते. आज घातले, कारण तू एकटी हिच्याबरोबर येणार होतीस."

मला हे ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत दर आठवड्याला ते गुडघ्याची चौकशी करायला फोन करत, आणि मी ते त्यांचं डॉक्टरपण समजत होते. तरीही मला राग आला. खिंड इतकी जवळ होती. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि पट्ट्या सोलायला लागले. त्या वेळी याहून अवघड दुसरं काही नव्हतं.

मैत्रीण आधी उतरली आणि खाली एका बाजूला थांबून तिने हात वर केला. माझी पाळी. उतार तोच होता, फक्त दोनशे फूट खालून. पहिलं वळण मी घेतलंच नाही, आडवीच घसरत गेले. मग स्वतःशी मोठ्याने म्हणाले, "आता," आणि वजन ऑपरेशन झालेल्या पायावर टाकलं. स्की वळला. दुसरं वळण वेडंवाकडं, तिसऱ्याला मी पडले. बर्फात बसूनच गुडघा वाकवून बघितला, सरळ केला. दुखत नव्हता. उठले. त्यानंतरची वळणं मी मोजली नाहीत. खाली पोचले तेव्हा तोंडात बर्फ होता आणि मी हसत होते.

काका शेवटी आले, हळू, प्रत्येक वळण स्वच्छ. माझ्याजवळ थांबून त्यांनी विचारलं, "वाकतोय ना?"

"वाकतोय."

"बास."

शेवटचा अर्धा मैल बर्फच नव्हता. स्की खांद्यावर घेऊन आम्ही चिखलातून चालत गेलो. काकांचे स्की मैत्रिणीने घेतले, त्यांनी हरकत घेतली नाही. गाडीपाशी चिवडा खाताना ते म्हणाले की आता त्यांचं झालं, पुढच्या वर्षी ते येणार नाहीत. मी समजूत घातली नाही. त्यांनीही मला थांब म्हटलं नाही. ऑपरेशननंतर खिंडीपर्यंत मी अजून पोचलेले नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तासभर लवकर निघायचं आहे.