उकड कुणाची बिघडली

लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर माझी उकड बिघडली, असं सासऱ्यांनी जाहीर केलं. तांदळाचं पीठ आधणाच्या पाण्यात शिजवून मळतात, ती उकड. ती जमली की भाकरी मऊ होते. आमच्या वाडीतल्या प्रत्येक लग्नात भाकऱ्या थापायला मला बोलावतात. आणि सासरे रोज सकाळी सहाला सुकटीच्या चटणीशी पहिला घास घेऊन म्हणायचे, टाळ्याला चिकटते. नवी कवळी हलायची, घास तोंडातल्या तोंडात फिरायचा आणि अर्धी भाकरी ताटात तशीच. मला राग यायचा, अगदी भांडी आपटण्याइतका.

कहर म्हणजे दुपारी चारला ते अंगणापलीकडे धाकट्या जावेकडे जाऊन बसायचे. तिची मुलं शाळेतून यायच्या वेळी ती भाकऱ्या टाकायची. तिथे अख्खी भाकरी खायचे आणि घरी येऊन मलाच तिचं कौतुक ऐकवायचे. थोरलीची भाकरी म्हाताऱ्याला गिळवत नाही, ही बातमी वाडीभर झाली. यंदा एका लग्नात तर मला भाकऱ्यांऐवजी कांदे चिरायला बसवलं.

मग जाऊ दोन दिवस पालीला गेली आणि तिच्या मुलांचं खाणं माझ्याकडे आलं. चार वाजता तिच्याच ओट्यावर मी भाकऱ्या टाकल्या. सासरे बाहेर येऊन बसले, मुलांनी नेऊन दिलेली भाकरी संपवली आणि आत कोण आहे ते न बघताच म्हणाले, तुझ्या उकडीला तोड न्हाय. मी पिठाच्या हातांनी दारात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

त्या आठवड्यात कवळी दाखवायला आम्ही मुरुडला गेलो. मी दातांच्या डॉक्टरीणबाईंना भाकरीचं सगळं प्रकरण सांगितलं. त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, लाळेच्या ग्रंथींना वेळापत्रक असतं. भाकरीचा वास आला की नसांतून निरोप जातो, पण तोच निरोप पहाटे त्या जेमतेम ऐकतात आणि दुपारनंतर नीट मनावर घेतात. त्यात यांचं वय झालेलं, आणि ओलावा नसला की कवळीही बसत नाही. सकाळी पेज द्या, भाकरी दुपारी द्या.

परतीच्या एसटीत निम्मी वाडी होती. सासरे दांडा धरून उभे राहिले. कमी ऐकू येत असल्यामुळे ते बोलतात तेही मोठ्यानं.

"हिची उकड बिघडली न्हवती. सकाळी माझंच तोंड उठल्यालं नसतं. मी उगाच हिचं नाव खराब केलं."

गाडी हसली. कंडक्टरनं उकड म्हणजे काय ते विचारलं आणि चार बायका एकदम सांगू लागल्या. आमचा थांबा आल्यावर उतरताना मी सासऱ्यांचा हात धरला. एरवी ते झटकतात. त्या दिवशी घरापर्यंत त्यांनी तो सोडला नाही.