सोन्याच्या आईच्या पायाशी

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या नवऱ्याची ओळख एकच, बोटीवरचे काका. लग्नाआधी पाच वर्षं ते मालवाहू बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. नंतरची तीसेक वर्षं त्यांनी भांडुपच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळला, पण बॉयलरवाले काका असं त्यांना कधी कुणी म्हटलं नाही. शेजारची पोरं लहान असताना विचारायची, "काका, कुठल्या बोटावर?" हे गंभीर चेहऱ्याने अंगठा दाखवायचे. मग पोरं आणि ते, सगळेच हसायचे.

बोटीच्या गोष्टी बऱ्याच होत्या, पण हुकमी एकच. ती मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा कांदेपोह्यांचा ट्रे हातात घेऊन दारात उभी होते. माझे वडील गिरणीतले, समुद्र म्हणजे त्यांना चौपाटी. मला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी विचारलं, "बोटीवर होतात म्हणता, मग बघितलंत काय काय?" तोवर मुलगा मान खाली घालून बसला होता. शिक्षण, नोकरी, घर, सगळ्याला हो नाहीतर नाही. या प्रश्नावर मात्र त्याने वर बघितलं. "मार्सेल्सला डोंगराच्या टोकावर सोन्याची आई आहे," म्हणाला. "कडेवर पोर घेतलेली. ऊन पडलं की डोळे दिपतात. एकदा वर चढून गेलो, तिच्या पायाशी बसलो, पाव आणि उकडलेलं अंडं खाल्लं. घरची फार आठवण आली."

त्याच आठवड्यात घाटकोपरचा बँकेतला एक मुलगा मला पसंत करून गेला होता. घरच्यांचा सगळा कल तिकडे. मी सांगितलं, मला बोटीवरचा करायचाय. आईने कपाळावर हात मारला. कारण विचारलं तर काय सांगणार, कप्पाळ? परमुलखात सोन्याच्या आईच्या पायाशी बसून ज्याला घर आठवतं, तो माणूस मला हवा होता. पुढे एकेचाळीस वर्षं भांडणात माझं ठेवणीतलं वाक्य हेच, "त्या घाटकोपरच्याला हो म्हटलं असतं तर सुखात असते!" आणि त्यांचं उत्तर ठरलेलं, "मग तुला सोन्याची आई कुणी दाखवली असती?"

पण दाखवली कुठे? नुसती सांगितली. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. भूमध्य समुद्राचा नकाशा भिंतीवर लावला की दर वर्षीच्या वर्गाला हीच गोष्ट. रिटायर झाले आणि पहिलं काम केलं ते पासपोर्ट काढायचं. म्हटलं, चला, तुमची मार्सेल्स दाखवा. ते म्हणाले, "माका काय बघूचा नाय आता. सगळा बघून झाला." विषय संपवायचा असला की ते गावच्या बोलीत शिरायचे. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मुलाने पार बुकिंगपर्यंत नेलं, तर यांचे गुडघे दुखायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी हेच गुडघे घेऊन मागच्या टेकडीवर फिरून आले. मी आठ दिवस बोलले नाही. राग होताच, पण खरं सांगते, लागलं होतं जास्त. त्या त्यांच्या गावात मला जागा नाही की काय, असं वाटायचं. दहा वर्षं झाली, पासपोर्ट कोऱ्याच्या कोऱ्या पानांनिशी संपला. आणि दीड वर्षापूर्वी तेही गेले.

मुलगा बोरिवलीला असतो. मधे नुसता जंगलाचा डोंगर, पण वळसा घालून यायला दोन तास, त्यामुळे महिन्यातून एकदा येतो. मागच्या वेळी आला तो तिकीट घेऊनच. भूमध्य समुद्रातली आठ दिवसांची क्रूझ. "आई, बाबांची गावं बघून ये." म्हटलं, तू येतोस का? "ऑफिस आहे गं." ठीक आहे. मी नवा पासपोर्ट काढला. मला तिथे एकच गोष्ट करायची होती. सोन्याच्या आईच्या पायाशी बसून अंडं खायचं आणि त्यांना विचारायचं, का हो आणलं नाहीत मला?

आमच्या टूरमध्ये चाळीस माणसं. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीची, सगळी जोडीजोडीने. चांगली होती बिचारी, ठेपले द्यायची, जेवताना बोलवायची. पण बंदर आलं की ती एसी बसमध्ये बसायची आणि मी चालत सुटायचे. जिनोवाला यांनी सांगितलेला उंच दीपगृहाचा मनोरा दिसला. नेपल्सला धक्क्याजवळचा काळा किल्ला सापडला. बार्सिलोनात उंच खांबावर एक माणूस बोट दाखवत उभा असतो म्हणायचे, तर होता की तोही. प्रत्येक वेळी मला शाळेतल्यासारखं व्हायचं, उत्तर बरोबर आलं की मार्क द्यायचा. तीन-तीन तास तोंडातून शब्द नाही, म्हणून मी मोठ्याने बोलायला लागले. "बरोबर आहे हो तुमचं. किल्ला काळाच आहे." कुणी वळून बघत नव्हतं.

त्या गावांमध्ये समुद्राकडून आत शिरलं की अरुंद गल्ल्या लागतात. या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत दोऱ्या आणि त्यावर चादरी, गंजीफ्रॉक. दारात खुर्च्या टाकून माझ्याच वयाच्या बायका बसलेल्या. एक जण शेंगा सोलत होती. मी थांबले, तिने वर बघितलं, मान हलवली, मीही हलवली. तेवढंच. बार्सिलोनात एका कॉफीच्या दुकानाबाहेर मी दोन खुर्च्यांच्या टेबलाशी बसले. वेटर आला, समोरच्या खुर्चीवर हात ठेवून त्याने खुणेनेच विचारलं, नेऊ का? मी म्हटलं ने बाबा. त्याने ती उचलून पलीकडच्या घोळक्याला दिली. कॉफी कडू होती, तरी संपवली. या गल्ल्या, या बायका, या दोऱ्या त्यांच्या गोष्टीत कधी कशा आल्या नाहीत, असं एकदा मनात आलं आणि मी ते सोडून दिलं.

मग मार्सेल्स. छापील कागदावर मार्सेय लिहिलं होतं, पण आमच्या घरात ते मार्सेल्सच. सकाळच्या नाश्त्याला मी एक उकडलेलं अंडं आणि पाव टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकला. बसने जुन्या बंदराशी सोडलं. तिथूनच ती दिसली. डोंगराच्या माथ्यावर, कडेवर पोर, उन्हात पिवळीजर्द. मी रस्त्यात उभी राहून रडले. मग नाक पुसून चढायला लागले. चढ कसला, अंत बघणारा. दर दहा पावलांवर कठडा धरत होते आणि म्हणत होते, "आले हो, आले. थांबा जरा."

वर पोचले. तिथे मोठं चर्च. चर्चला मनोरा, आणि त्या मनोऱ्याच्या शेंड्यावर ती उभी. मान मोडेस्तोवर वर बघावं तेव्हा तिचा झगा दिसत होता. मी चर्चभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. म्हटलं, जिना असेल. गणवेशातल्या एका माणसाला पर्समधलं अंडं काढून दाखवलं, वर बोट केलं, बसायची खूण केली. त्याला काय वाटलं असेल देव जाणे. तो हसला आणि मान हलवली. तिच्या पायाशी कुणाला बसता येत नाही. तिथे कबुतरंच बसू शकतात.

तरी मी आशा सोडली नाही. म्हटलं, पायाशी म्हणजे खाली, पायरीवर म्हणायचं असेल. थोडं इकडेतिकडे होतंच माणसाचं. मग आत गेले. आत छतापासून दोऱ्यांनी बोटी टांगल्या होत्या. लाकडी, छोट्या छोट्या, शिडाच्या, इंजिनाच्या, रांगेने. दर्यावर गेलेला माणूस सुखरूप आला की घरची माणसं इथे बोट वाहतात, असं आमच्या टूरवाल्यांनी बसमध्ये सांगितलं होतं. मी बाकावर बसून वर बघत राहिले. बोटीवरचा माणूस या दारातून आत आला असता आणि एकेचाळीस वर्षांत या बोटींबद्दल एक शब्द बोलला नसता? शक्यच नाही. बिल्डिंगच्या पोरांना त्याने त्या मोजून सांगितल्या असत्या.

मी मास्तरीण आहे. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. पण तिथे माझं तोंडच उघडेना. अंडं पर्समध्ये तसंच ठेवून मी खाली आले.

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा लख्ख ऊन होतं. मी वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी होते, एकटी. बाकीचे बिंगो खेळायला गेले होते. बोट जरा लांब गेली, आणि बघते तर गल्ल्या गेल्या, दोऱ्या गेल्या, बायका गेल्या. चर्च डोंगराच्याच रंगाचं झालं. डोंगराच्या टोकावर नुसती सोन्याची आई उरली, जशीच्या तशी, पोह्यांच्या ट्रेच्या दिवशी सांगितली होती तशी. मग मला मागचं सगळं आठवलं. मनोरा, किल्ला, खांबावरचा माणूस. जे जे ते सांगायचे ते ते डेकवरून दिसणारं होतं. पाच वर्षांत हा माणूस बोटीवरून उतरलाच नव्हता. इंजिनरूममधून वर यायचा, अंडं-पाव खायचा, बघायचा, परत खाली जायचा.

"अहो, एवढ्यासाठी?" मी ओरडलेच. "एवढ्यासाठी आला नाहीत माझ्याबरोबर? मी काय त्या घाटकोपरच्याकडे निघून जाणार होते?" असा राग आला की समोर असते तर आठ दिवस काय, आठ महिने बोलले नसते. आणि राग ओसरला तसं मनात आलं. दर वेळी मी पासपोर्ट नाचवत होते तेव्हा हा माणूस मनातून किती घाबरला असेल! मी समजत होते, त्यांच्या गावात मला जागा नाही. त्यांना स्वतःलाच तिथे पाय ठेवायला मिळाला नव्हता. मी पर्समधलं अंडं काढलं, कठड्यावर आपटून सोललं आणि तिथेच खाल्लं. मीठ नव्हतं.

खाली आले तर माझी खोली आवरणारा सावंतवाडीकडचा माणूस टॉवेल बदलत होता. चाळिशीचा, पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून मॅडमवरून काकीवर आलेला. "काकी, दमलात? चढलात काय वर?" मी हो म्हटलं. मग विचारलं, तू कधी चढलास? तो हसला. "आठवं वर्ष बोटीवर, पण खाली उतरूक गावत नाय. उतरलो तरी बंदराच्या गेटापर्यंत." मग जरा घुटमळला. "काकी, त्या सोन्याच्या बाईचा फोटो आसा काय तुमच्याकडे? घरी पाठवतो. बायको रोज विचारते, आज काय बघितलास?"

मी फोटो काढून दिले. त्याने आपल्या फोनवर घेतले, खूश झाला. जायला निघाला तशी मी म्हटलं, "थांब. तिला सांग, हे एका म्हातारीने काढलेत. तू बोटीवरून बघितलंस म्हणून सांग."

"मग त्यात काय मजा, काकी?"

"मजा नाही. पण मग कधीतरी तिला घेऊन येशील. आता खोटं सांगितलंस ना, तर जन्मात आणणार नाहीस."

त्याने फोन खिशात टाकला. मग मान डोलावली आणि जुने टॉवेल उचलून गेला. सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

तेवढ्यात बोरिवलीहून मुलाचा फोन आला. आवाज तुटत होता, मागे सुनेची गडबड, टीव्ही. "आई! गेलीस का? बाबांच्या सोन्याच्या आईकडे?"

"गेले."

"मग? पायाशी बसून अंडं खाल्लंस की नाही?"

आत्ताच एका परक्या माणसाला मी एवढी अक्कल शिकवली होती. खरं सांगायला तोंड उघडलं. पण मुलाच्या आवाजात त्याचे बाबा डोंगरावर बसलेले होते, पाव खात, घरची आठवण काढत.

"खाल्लं," मी म्हटलं. "बसले बराच वेळ."

"मस्त! फोटो पाठव ना, पायाशी बसलेला."

"फोटो नाही रे," मी म्हटलं. "काढायला कुणी नव्हतं."