अदलाबदलीचे वर्ष

भर दुपारचा काळोख निळा असतो. रात्रीच्या काळोखासारखा तो वरून उतरत नाही; बर्फातून, खाडीच्या निश्चल पाण्यातून, डोंगरांच्या कडांतून तो हळूहळू वर झिरपत येतो आणि खिडक्यांच्या काचा दिवसभर आरसे होऊन बसतात. नॉर्वेच्या उत्तर टोकाकडच्या एका लहानशा बंदरगावात, मी सोळा वर्षांची असताना, सूर्य न उगवणारा असा एक हिवाळा मी काढला आहे. आता मी सांगलीला राहते. पौषातल्या एखाद्या सकाळी कृष्णेवरून धुके चढून येते, घरातल्या लोकरी कपड्यांना ओलसर वास सुटतो, आणि क्षणभर माझ्या खांद्यांवर एका जड, करड्या कोटाचे ओझे येऊन बसते. तो कोट माझा नव्हता. ज्या खोलीतल्या खुंटीवर तो टांगलेला असे, ती खोलीही माझी नव्हती. ती इंगाची होती. आणि इंगा त्या वेळी म्हसवडला, माझ्या घरी, माझ्या घोंगडीवर निजत होती.

म्हसवडपासून थोडे दूर, माणगंगेच्या कोरड्या पात्रापलीकडे माळावर आमची वस्ती होती. वडील पलटणीत, त्यामुळे घरी आई, मी आणि आजा. आजाने आयुष्यभर मेंढरांमागे कोकणापासून कर्नाटकापर्यंतची वाट तुडवली होती; आता त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूचे ढग दाटू लागले होते आणि माणसे त्याला सावल्यांसारखी दिसत. सत्तरच्या दशकातला मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. मी गावातल्या सरकारी हायस्कुलात शिकत होते. त्या वर्षी परदेशातल्या एका संस्थेने असे ठरवले की, वर्षभर बाहेर शिकायला जाण्याची संधी मोठ्या शहरांतल्या मुलांनाच का, खेड्यातल्या सरकारी शाळांतल्या मुलांनाही मिळावी. साताऱ्यात मुलाखत झाली, आणि भूगोलातल्या माझ्या उत्तरांमुळे म्हणा किंवा माझ्या धीटपणामुळे म्हणा, माझी निवड झाली. अट एकच होती. ज्या घरी मी राहणार, त्या घरची मुलगी तेवढाच काळ आमच्या घरी राहणार.

ही अट समजावून सांगायला साताऱ्याहून जीपने एक गृहस्थ आले होते. आईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दाराआडून विचारले, "म्हंजी आमची पोरगी तिकडं, आन् त्येंची हिकडं? आन् वरसानं ज्येची त्येला माघारी?"

"अगदी बरोबर," ते म्हणाले.

आजा कोपऱ्यात सूत कातत होता. त्याची चाती थांबली. "कळपाकळपांत आमीबी मेंढरू बदलून घेतो की," तो म्हणाला. "पर म्होरल्या कळपात रमलं, म्हंजी ते मेंढरू माघारी आणलं तरी आपलं ऱ्हात न्हाई."

गृहस्थ हसले, आई हसली नाही. वडिलांनी मात्र सरहद्दीवरून कळवले की पोरीला जाऊ द्या, तिला जग बघू द्या.

इंगाची आणि माझी गाठ पडलीच नाही. मी वर ढगांतून उत्तरेकडे जात असताना तीही केव्हातरी दक्षिणेकडे येत असेल. मी पोहोचले तेव्हा तिच्या आईने, मारिटने, मला तिच्या खोलीत नेले. पलंगावरची गादी एका देहाच्या आकाराने दबलेली होती. केसांच्या ब्रशात दोनचार सोनेरी केस होते. भिंतीवर गालांवर पिंगट ठिपके असलेल्या एका उंच, हसऱ्या मुलीचे छायाचित्र होते. पहिल्या रात्री मी त्या गादीवर आडवी झाले आणि दचकले, कारण तो खळगा मला नेमका बसला.

मारिटचा नवरा मासेमारीच्या जहाजावर महिनोन्‌महिने समुद्रात असे. घरात आम्ही दोघीच. माझे नाव ऐकून ती प्रसन्न हसली होती, कारण तिच्या भाषेत घराला 'हूस' म्हणतात आणि हौसा हे नाव तिच्या कानाला घरासारखे वाटले. तिथले पहिले महिने सुखाचे होते, हे मला कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. त्या शाळेत मुले शिक्षकांना नावाने हाक मारीत आणि शिक्षक न रागावता उत्तर देत. प्रयोगशाळेत माझ्या हाताने मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाचे भिंग फिरवले. ग्रंथालयातला भलामोठा पृथ्वीगोल कुणाच्याही परवानगीवाचून फिरवता येई. त्यावर मी माणदेशाची जागा शोधली तेव्हा तो सगळा मुलूख माझ्या बोटाच्या टोकाखाली झाकून गेला. आपला माळ इतका लहान आहे याचा आनंद मानावा की भय, ते मला कळले नाही.

मग सूर्य मावळला तो मावळलाच. आधी दिवस आखडत गेले, मग डोंगरामागे नुसती लाली दिसू लागली, आणि एके दिवशी तीही आली नाही. त्या निळ्या अंधारात घरातले दिवे सतत जळत आणि मला खिडकीबाहेरचे जग दिसण्याऐवजी काचेतली मीच दिसे. तिथल्या थंडीला माझे कपडे पुरत नसल्यामुळे मी इंगाचे कपडे घालू लागले होते. केस लोकरी टोपीत, गळा तिच्या तांबड्या मफलरात, अंगात तिचा कोट. एका दुपारी मी अशी बाहेर जायच्या तयारीत खिडकीपाशी उभी असताना मारिट स्वयंपाकघरातून सहज म्हणाली, "इंगा, दूध आणशील?"

चूक उमगून ती थांबेल म्हणून मी वाट पाहिली. ती थांबली नाही. भांडे पुसत राहिली. मी दूध आणायला गेले.

पुढे ती मला त्याच नावाने हाक मारू लागली, आणि ते तिच्या ध्यानातही येत नसावे. बंदरावर एक म्हातारा शेजारी भेटे. तो वाकून माझ्याशी बोले, बापाचे जहाज कधी येणार असे विचारी, आणि मीही त्याच्या भाषेत सांगे की, वसंतात येतील. सांगून चार पावले पुढे गेल्यावर माझ्या अंगावर काटा येई. माझा बाप तर बर्फाच्या दुसऱ्याच डोंगरांत बंदूक घेऊन उभा होता. आपली भाषा हरवू नये म्हणून मी सोबत आणलेले मराठीचे पाठ्यपुस्तक रोज मोठ्याने वाचत असे. त्यातली शुद्ध, घोटीव वाक्ये त्या लाकडी खोलीत घुमत आणि ती वाचणारा आवाज कुणा तिसरीचाच वाटे. आणि मग असा एक दिवस आला की, मी डोळे मिटून आईचा चेहरा आठवू लागले तर तिच्या लुगड्याचा रंग आठवला, चुलीच्या धुराचा वास आठवला, भाकरी थापतानाचा बांगड्यांचा नाद आठवला. पण पदराखालच्या चेहऱ्याच्या जागी मारिटचा चेहरा होता.

जानेवारी सरत असताना सूर्य परत येतो. त्या दिवशी शाळेला सुटी असते आणि सारे गाव टेकडीवर जमते. मारिट आणि मी हात धरून उभ्या होतो. तिचा हात उबदार होता. ती मऊ, सुखी आवाजात काहीतरी गुणगुणत होती. समोरच्या दोन शिखरांच्या खाचेत आधी एक ठिणगी दिसली, मग एकाएकी सोनेरी धार आमच्या अंगावर येऊन पडली. पोरे ओरडली. मारिटने हसून माझ्याकडे मान वळवली.

तिचे हसू विझले. कितीतरी आठवडे दिव्याच्या उजेडात पाहिलेले माझे तोंड ती उन्हात पाहत होती. सावळे कपाळ, त्यावरचे हिरवे गोंदण, काळे डोळे. तिने माझा हात असा सोडला, जणू गर्दीत चुकून कुणा अनोळखी मुलीचा हात धरला होता. आणि मग, देवाशपथ सांगते, ती माझ्यामागच्या गर्दीत कुणाला तरी शोधू लागली.

क्षणातच ती सावरली, तिने मला जवळही घेतले. तेव्हापासून तिने मला हौसा म्हणूनच हाक मारली, स्पष्टपणे, प्रत्येक अक्षर तोलून. पण त्या उन्हात माझे काहीतरी टेकडीवरच राहिले असे मला वाटत राहिले.

मी म्हसवडला परतले ते आषाढात. पाऊस नव्हता, नुसते वारे होते आणि ढगांच्या सावल्या माळावरून धावत होत्या. इंगा आदल्याच दिवशी साताऱ्याच्या गाडीने गेली होती. एस.टी.च्या थांब्यावर आई उभी होती. ती रडली, तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. घरी आल्यावर तिने तांब्या पुढे केला, माझ्या डोळ्यांत पाहिले, आणि तोंडाशी ओंजळ नेत, सावकाश, मोठ्याने म्हणाली, "पाणी. पी. पाणी."

"आये, मी हाय," असे मला म्हणायचे होते. तोंडून निघाले, "आई, मी आहे ना."

ती चपापली. मग दोघी हसलो. वर्षभर परक्या पोरीशी बोलून तिला तशी सवय लागली होती, इतकेच. पण तिचे हात पुढे कितीतरी दिवस माझ्याशी खुणांनीच बोलत राहिले.

आजाचे डोळे तोवर पुरते गेले होते. मी पाया पडले तेव्हा त्याने माझा हात चाचपला, अंगठ्याने तळवा घासून पाहिला. "कोन पाव्हणी हाय ही?" त्याने विचारले.

"आवं मामंजी, आपली हौसा," आई म्हणाली.

"हौसा?" आजा समजुतीने हसला. "हौसा मेंढरं घिऊन गेलीया की सकाळच्यानं. ही ती गोरी पोर आसंल. तिला बसाय दे, च्या टाक."

मग मला हळूहळू सगळे कळत गेले. इंगाला गावाने गंगा करून टाकले होते. ती माझा परकर-पोलका घाली, उन्हासाठी डोक्यावरून फडके घेई, आजाबरोबर मेंढरांमागे जाई. आमची भाषा तिने त्याच्याच तोंडून उचलली. त्याच्यासारखीच ती 'व्हय' म्हणे, त्याच्यासारखीच मेंढरांना हाळी देई. उजेडात तिला पाहणारे तिला गंगा म्हणत. पण ज्याचा उजेड विझत चालला होता, त्याच्यासाठी ती केव्हा हौसा झाली, ते आईलाही सांगता आले नाही. "म्याबी दुरनं बघून फसायची गं," ती एकदा म्हणाली आणि पटकन चुलीकडे वळली. वस्तीवरची एक म्हातारी तर छातीठोक सांगे की, मी कुठे गेलेच नव्हते; सांजेला नदीच्या पात्रातून येताना तिने मला रोज पाहिले होते, तोंड फडक्यात असले म्हणून काय झाले.

मी मेंढरांमागे जाऊन पाहिले. माझी हाळी ऐकून ती कान टवकारून बघत आणि दुसरीकडे पांगत. मी आजाशी बोलू लागले की तो अदबीने ऐके, कारण पाठ्यपुस्तकातून वाचवून आणलेली माझी मराठी त्याच्या कानाला कुण्या शहरगावची होती. मी ती मुद्दाम मोडून बोलू लागले, तर ते नक्कल केल्यासारखे होई. आजाने मला कधी दुखावले नाही. तो मला पाहुणीसारखे जपी.

दिवाळीच्या आसपास त्याने अंथरूण धरले. एका कलत्या दुपारी आई मेंढरांकडे गेली होती आणि मी त्याच्या उशाशी बसले होते. दारातून पिवळे ऊन आत आले होते, सुकल्या गवताचा आणि लोकरीचा वास होता. त्याने विचारले, "पोरी, तुज्या मुलखात ऊन पडतं का गं?"

मी हौसा आहे, असे सांगायला तोंड उघडले. पण त्याचा चेहरा इतका निवांत होता की मी म्हणाले, "पडतं. पण मधे फार दिवस पडत नाही." आणि मी त्याला सगळे सांगितले. निळा काळोख, काचांचे आरसे, टेकडीवर जमलेले गाव. त्याने सगळे नीट ऐकून घेतले.

"मग तुजी आये वाट बगत आसंल," तो म्हणाला. "लय दिस झालं. आता जा माघारी."

"व्हय," मी म्हणाले. वर्षसव्वा वर्षात पहिल्यांदाच तो शब्द आपसूक आला.

"जायच्या आदी येक कर. हौसाला हाळी दे. माळाला आसंल बग."

मी उठून दारात गेले. समोर नुसता माळ पसरलेला होता. दूरवर एक बोरीचे झाड, त्याची लांब सावली, आणि माणूस कुठेच नाही. मी श्वास भरून घेतला आणि जन्मात पहिल्यांदाच माझ्याच नावाने हाळी दिली. आवाज पात्रापलीकडे गेला. वारा पडला. काही वेळ कशाचीच चाहूल नव्हती.

मग आतून आजाचा आवाज आला, थकलेला, पण तृप्त. "आली बग," तो म्हणाला.

मला माळावर कुणीही दिसत नव्हते. तरीही मी नकळत चौकटीला अंग चोरून उभी राहिले आणि आत जायला वाट करून दिली.