सुजाताच्या वहीतली माझी खूण

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण परवा मला इतका आनंद झाला की त्या आनंदातच ते ओठांवर आलं.

परवा पोलादपूरजवळच्या वस्तीत, विहारासमोर मांडव घालून सुजाताचा सत्कार झाला. ढोल, फटाके, निळे झेंडे! तिचं संशोधन परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं — पहिलं नाव तिचं. मी महाडची, ती त्या वस्तीतली. पुण्यात एकाच प्रयोगशाळेत होतो, एकाच खोलीत राहायचो. मी नाचले. खरंच नाचले, या वयात.

तिनं काय शोधलं? आपल्या रोगप्रतिकारक पेशी फार तापट असतात. त्यांना चिथावणारी प्रथिनं वेळेवर मोडली नाहीत, तर त्या आपल्याच शरीरावर उठतात. लायगेज नावाची एन्झाइम्स अशा प्रथिनांवर युबिक्विटिन नावाच्या चिमुकल्या प्रथिनाची खूण चिकटवतात. खूण झाली की पेशी ते प्रथिन मोडीत काढते. सुजाता म्हणत होती, एक विशिष्ट लायगेज नेमक्या एका प्रथिनावर खूण करतं. पण सिद्ध कसं करायचं? तोडीसाठी खुणा केलेली झाडं मोजायची तर आधी तोड थांबवायला हवी ना? तसंच हे — मोडतोड थांबवणारं औषध उंदरांच्या पेशींना घालायचं, चार तासांनी पेशी काढायच्या, मग खूण झालेलं प्रथिन एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी पट्टी होऊन दिसतं.

त्या दिवशी सुजाता शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी कार्यालयात गेली होती. "दोन वाजता औषध घाल," एवढंच सांगून गेली. आम्हाला एक वाईट सवय होती — वहीत आधी बरोबरची खूण करायची, मग काम. मी तिच्या वहीत खूण केली. आणि कॅन्टीनला गेले. कशासाठी? चहा, गप्पा — बस. तिथेच तीन वाजले, आणि मी विसरले.

सहा वाजता सुजातानं खूण बघून पेशी काढल्या; दोन दिवसांनी फिल्म कोरी आली. त्याच संध्याकाळी मी फ्रीजर उघडला, तर औषधाच्या बाटलीचं सील तसंच. पंधरा पावलांवर सुजाता मान खाली घालून बसली होती. तेवढी पावलं मला टाकता आली नाहीत.

आमच्या मार्गदर्शक सरांनी विषय बंद केला. उंदीर संपले होते, पुन्हा करू देईनात. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी म्हणालं, "कोट्यातून आलं की असंच व्हायचं." मी ऐकलं. कुणाच्या चुकीवर ही माणसं हसतायत, ते त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. मी, पाटलांची लेक — माझ्या चुकीला कुणी माझी जात चिकटवली असती का?

सुजाता गावी परतली, शाळेत शिकवू लागली. पण हटली नाही हो ती! तीन वर्षांनी दुसरी प्रयोगशाळा मिळवली, तोच प्रयोग पहिल्यापासून केला. पट्टी उमटली — काळी, ठसठशीत. तिनं मला फोटो पाठवला, तेव्हा मी एसटी स्टँडवर सगळ्यांसमोर ओरडले. माझ्या मदतीशिवाय, माझ्या अडथळ्यावरून उडी मारून ती जिंकली होती!

मांडवात तिच्या आईनं माझा हात धरला. "माझ्या लेकीनं करून दाखवलान गो! तू हायस म्हणून तिला धीर हाय." मी तो हात सोडवून घेतला नाही.

मग सुजाता बोलायला उभी राहिली. समोर शाळेची मुलं होती. ती म्हणाली, "पहिल्या वेळी माझाच हात चुकला होता. पेशी नीट सांभाळल्या नसणार मी. म्हणून खचायचं नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिचा हात चुकला नव्हता. औषध मी घातलं नव्हतं, आणि ते मला त्याच संध्याकाळपासून माहीत आहे.