आतोबांचं टचिंग

आमच्या आतोबांनी बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या मुलखात जेवढी माणसं सुधारली, तेवढी त्या काळच्या सगळ्या कीर्तनकारांनी आणि शाळामास्तरांनी मिळून सुधारली नसतील. फरक एवढाच की ही सुधारणा फक्त चेहऱ्याची असे आणि कागदावरच टिके. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बारामतीत घराच्या मागच्या अंगाला त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. मी शाळेसाठी त्यांच्याकडे राहायला गेले ती एकोणीसशे तीसनंतरची वर्षं. कालव्याने ऊस आणला, उसाने गूळ आणला आणि गुळाने लोकांना फोटो काढून घ्यायची हौस आणली होती.

फोटो काढणं ही आतोबांच्या मते निव्वळ हमाली. खरं काम नंतरचं. काचेच्या प्लेटवर माणूस उलटा उमटतो, काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा. ती प्लेट खिडकीशी धरून आतोबा सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने तिच्यावर बारीक बारीक टिंबं देत बसत. सुरकुती असो, चामखीळ असो की देवीचा व्रण, काचेवर ती जागा भरली की कागदावर गाल साफ. याला ते टचिंग म्हणत. कचेरीतल्या एका टकल्या कारकुनाला त्यांनी असे दाट केस दिले की त्या गृहस्थाने पुढे जन्मभर चारचौघांत टोपी काढली नाही. जिवंत माणसांनाही ते सोडत नसत. पंगतीत समोरच्याकडे एक डोळा बारीक करून बघत आणि भात कालवता कालवता म्हणत, "तुमची हनुवटी तेवढी जरा कमी करायला पाहिजे." मला बघायला पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा सगळे गप्प असताना हे म्हणाले, "पोरगी सावळी आहे खरी, पण ते माझ्या हातात आहे." ती सोयरीक अर्थातच तिथेच मोडली. आतोबांना शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांनी मला मदत केली.

पण त्यांचं नाव झालं ते मेलेल्या माणसांवर. तेव्हा बऱ्याच घरांत माणूस जाईपर्यंत त्याच्या फोटोची कोणाला आठवणच होत नसे. मग घाईघाईने कोणीतरी बारामतीला येई आणि आतोबा कॅमेरा घेऊन बैलगाडीत बसत. मागे घोंगडीआड एखादा धट्टाकट्टा पुतण्या लपवून मयताला भिंतीशी बसता करत, डोक्याला पटका बांधत. आतोबा काळ्या कापडाखाली शिरत आणि सवयीने आतून ओरडत, "हलू नका." रडणारी माणसंसुद्धा क्षणभर थांबत. घरचे नंतर सांगत, "फोटूत डोळं तेवढं उघडं करून द्या." आता मयताचे डोळे आतोबांनी कधी बघितलेले असणार? ते दाढीचा आरसा समोर ठेवत आणि स्वतःचेच डोळे काढत. त्या भागात कितीतरी घरांतले हार घातलेले आजोबा, सासरे आणि दीर एकाच नजरेने खाली बघत असत, आणि ती नजर आमच्या आतोबांची होती. आत्या म्हणायची, "गेली की सगळी तुमचीच माणसं होतात."

एकदा नरसिंहपूरकडची एक बाई आली. तिचा तरणा मुलगा संगमावर बुडाला होता आणि आतोबा जाऊन त्याचा फोटो काढून आले होते. त्यांनी मन लावून टचिंग केलं होतं. बाईने फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि विचारलं, "ह्यो कोण हाय?"

"तुमचा मुलगा, बाई."

"न्हाय. माझ्या लेकराच्या हनुवटीला बैलाचं शिंग लागल्यालं. ती खूण कुठं हाय? आन् ह्ये डोळं बी त्येचं न्हाईत. मिटल्यालंच ऱ्हाऊ द्या."

आतोबा समजूत घालू लागले की खूण नसली तर रूप खुलतं. बाई ऐकून घेत होती आणि फोटो परत त्यांच्यापुढे करत होती. शेवटी दारातून आत्या म्हणाली, "पुसा ते." आतोबांनी टर्पेंटाइनचा बोळा प्लेटवरून फिरवला, पेन्सिल निघून गेली आणि पोराच्या हनुवटीवर ओरखडा परत आला. नवा फोटो हातात पडल्यावर बाईने त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं, पदराखाली फोटो धरला आणि मग ती रडली. आतोबा पुढे बरेच दिवस घुश्शात होते. आपलं काम कोणीतरी नासवलं असं त्यांना वाटत होतं.

टचिंग कुठे थांबवावं यावर नवराबायकोंचं कायम वाजे. आत्याचं म्हणणं, "घरच्यांना ओळखू आलं की थांबावं." आतोबा म्हणत, "घरच्यांना सवय झालेली असते, त्यांचं काय ऐकायचं?" या भांडणाला कारण होतं. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे आत्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत व्रणांनी भरलेला होता. लग्नानंतर आतोबांनी तिचा एक फोटो काढला आणि महिनाभर खपून एकेक व्रण भरून टाकला. तो फोटो नमुना म्हणून स्टुडिओत टांगलेला असे. गिऱ्हाइकं चहा देणाऱ्या आत्यालाच विचारत, "या बाई कुठल्या?" आत्या म्हणे, "असतील कुठल्या तरी." जुन्या प्लेटा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन फ्रेमसाठी काच मोकळी करायचं काम तिच्याकडे होतं. एके दिवशी तिने स्वतःची प्लेटही धुऊन टाकली. "त्या बाईला सांभाळायचा कंटाळा आला," म्हणाली. आतोबा हसले. "प्लेट धुतलीस, पण फोटो आहे ना माझ्या भिंतीवर."

आत्या तापाने गेली. चार दिवसांपूर्वी प्लेटा धूत असलेली बाई आडवी झाली ती उठलीच नाही. आतोबांना सगळं गाव तात्या म्हणे. शेजारचे आबा त्यांना हळूच म्हणाले, "तात्या, एक फोटू?" आतोबांनी स्वतःच कॅमेरा मांडला आणि काळ्या कापडाखाली शिरले. आम्ही वाट बघत राहिलो. "हलू नका" आलं नाही. नुसतं कापड हलत होतं. मला तेव्हा त्यांचा फार कळवळा आला. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले आणि प्लेट तशीच कोरी पेटीत ठेवत म्हणाले, "नको. भिंतीवर आहे तिचा. चांगला आलेला आहे."

दिवसकार्य झाल्यावर त्यांनी तोच फोटो घरात आणून लावला. दोन-तीन दिवसांनी मी बघते तर ते त्याच्यासमोर उभे. मला म्हणाले, "ही कोण गं?" टर्पेंटाइनची बाटली हातात होती, पण बोळा फिरवायचा कशावर? प्लेट उरली नव्हती. मग त्यांनी बारीक कुंचला आणि पातळ शाई घेतली आणि कागदावरच व्रण परत काढायचं ठरवलं. आणि तिथे त्यांचा हात अडला. महिनाभर खपून ज्याने एकेक व्रण भरला, त्याला आता एकाचीही जागा आठवत नव्हती. ते येईल त्याला विचारू लागले. सगळे म्हणत, होते की, भरपूर होते. कुठे, ते कोणाला सांगता येत नव्हतं. दूध घालणारी म्हातारी म्हणाली, "आमी बाईचं त्वांड बघत हुतो, तात्या. खड्डं कोण बघतंय?" आतोबांनी काम घेणं बंद केलं. लग्नसराईची गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. ते कुंचला धरून बसत आणि शाई वाळून जाई.

मलाही काही सांगता येत नव्हतं. मग एका सकाळी देवापुढचा कुंकवाचा करंडा पुसताना एकदम आठवलं. शेवटची आंघोळ घालून बायकांनी आत्याचा मळवट भरला, तेव्हा ओघळलेलं कुंकू मी पुसलं होतं. सगळीकडचं निघालं, पण डाव्या भुवईच्या वर एक खोल खळगा होता, त्यातलं काही केल्या निघेना. मी आतोबांना ती जागा दाखवली. त्यांनी श्वास धरून कुंचला टेकवला. एकच ठिपका. मग फोटो लांब धरून ते बघत राहिले, एक डोळा बारीक न करता, दोन्ही डोळ्यांनी.

"बाकीचे?" मी विचारलं.

"नकोत," ते म्हणाले. "ओळखू आली की थांबावं."

आतोबाही पुढे गेले. त्यांचा स्वतःचा फोटो कोणाकडेच नाही. डोळे तेवढे अजून त्या बाजूच्या भिंतींवर असतील. आत्याचा फोटो माझ्याकडे आहे. घरी येणारं कोणीतरी त्या ठिपक्याला डाग समजून नखाने खरवडायला जातं आणि मला उठावं लागतं. दिवाळीच्या आधी फ्रेम उघडून मी तो फोटो स्वतःच पुसते, आणि फडकं डाव्या भुवईपाशी आलं की हात हलका करते.